विनापरवाना रायफल आणि रानडुक्कर : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

भात पोटरीला आले की कोकणात आणि मका-भुईमूग भरू लागला की घाटावर एक संदेश दर वर्षी नव्याने फिरू लागतो. रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याने काय करावे, ते त्यात सांगितलेले असते. 15 ते 20 हजारांची एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी रायफल घ्यावी, तिला परवाना लागत नाही. तिच्या छऱ्याने 50 पावलांवरचे डुक्कर जागेवर पडते. शेतात शिरलेले डुक्कर मारणे गुन्हा नाही, कारण सरकारने त्याला उपद्रवी ठरवले आहे. अमेरिकेतले शेतकरी हेच करतात. आणि परवाना काढायचाच असेल तर बंदुकीच्या नादी न लागता सरळ लांब पल्ल्याची रायफल काढावी. संदेश पाठवणाऱ्यांचा त्रास खोटा नाही. एका रात्रीत आडवा झालेला कुणगा मी आमच्याच घरी पाहिला आहे आणि सकाळी बांधावर उभे राहिल्यावर माणसाच्या मनात काय येते, तेही मला ठाऊक आहे. परंतु त्रास खरा असला म्हणून सल्ला खरा होत नाही.

परवान्याचा दावा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो लोकांना अधिक फसवतो. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे ज्या एअर रायफलचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 0.177 इंचापेक्षा, म्हणजे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि जिच्यातून सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी 20 जूलपेक्षा अधिक नाही, ती परवान्याविना घेता येते. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जाव्या लागतात. संदेशासोबत ज्यांची छायाचित्रे फिरतात त्यांतल्या कित्येक रायफली 0.22 बोअरच्या असतात, आणि त्यांना परवाना लागतोच. ‘स्प्रिंग बदलून जोर वाढवून देतो’ असे सांगणारा कारागीर तर गिऱ्हाईकाला पैसे घेऊन कायद्याच्या कक्षेत नेऊन सोडतो, आणि पुढे पोलीस दारात येतात तेव्हा तो कारागीर तिथे नसतो.

आता नियमात बसणाऱ्या एअर रायफलने डुक्कर पडते का, ते पाहू. तिचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. 20 जूलची मर्यादा गाठली तरी तो सेकंदाला सुमारे 275 मीटर वेगाने निघतो, आणि इतका हलका असल्यामुळे तो वेग हवेतच झपाट्याने गमावतो. तुलनेसाठी सांगायचे तर 0.22 बोअरच्या साध्या, काडतुसाच्या रायफलीची गोळी सुमारे 190 जूल घेऊन निघते आणि तीसुद्धा डुकरासाठी कोणी जाणता माणूस वापरणार नाही. आपल्याकडच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या 0.315 बोअरच्या रायफलीची गोळी 3,000 जूलच्या पुढे जाते. वयात आलेला सुळेवाला डुक्कर शंभर किलोच्या घरात जातो आणि त्याच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर असतो, जो नरांच्या आपसांतल्या झुंजीत सुळ्यांपासून फुप्फुसांचे रक्षण करतो. छऱ्याने त्या थरातून आत जावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे गलोलीने भिंत पाडायला निघणे होय.

माझ्या चुलतभावाने हाच संदेश वाचून अशी एक रायफल आणली होती. अंगणात तेलाच्या रिकाम्या डब्यावर त्याने पहिला बार काढला, डब्याला आरपार भोक पडले आणि जमलेली पोरे खूश झाली. मग काकांनी पडवीतली फणसाची जुनी फळी आणून गड्ग्याला टेकवून ठेवली आणि ‘हिच्यावर मार’ म्हणाले. 20 पावलांवरून मारलेला छर्रा फळीत रुतला खरा, पण तो चपटा झालेला तुकडा काकांनी खिळ्याच्या टोकाने उकरून काढला आणि काही न बोलता भावाच्या तळहातावर ठेवला. पत्र्याचा डबा पाहून शस्त्राचा अंदाज बांधणारे पुष्कळ लोक आहेत. संदेशासोबतच्या चित्रफितींतही बहुधा डबेच असतात.

अशा छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर माघारी न फिरता अंगावर येते हे शिकारीच्या गोष्टींतून सर्वांनाच माहीत आहे, परंतु त्याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. ते उसात किंवा करवंदीच्या जाळीत जाऊन बसते, दोन दिवसांनी जखम चिघळते, आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईच्या वाट्याला ते येते, जिचा त्या छऱ्याशी काहीही संबंध नसतो.

‘सरकारने उपद्रवी ठरवले आहे’ या वाक्याचा उगम शोधता येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 62 खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठराविक भागापुरते आणि ठराविक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर करू शकते. डिसेंबर 2015 मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर, फेब्रुवारी 2016 मध्ये उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत रानडुक्कर आणि मे 2016 मध्ये शिमला शहरात लाल तोंडाचे माकड असे आदेश निघाले होते, आणि पहिले दोन एकेका वर्षापुरते, तर शिमल्याचा सहा महिन्यांपुरता होता. त्या वेळच्या वर्तमानपत्री मथळ्यातला जिल्हा गळाला, मुदत गळाली, आणि उरलेले वाक्य आजही महाराष्ट्रभर फिरते आहे. दरम्यान 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, अनुसूचींची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची, फेररचना होऊन रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले. त्याची विनापरवानगी शिकार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे, तर जखमी करणे, फासे लावणे आणि तसा प्रयत्न करणेही त्यात येते. तेव्हा ‘नुसता छर्रा मारून हाकलले’ हा बचाव टिकत नाही.

मग शेतकऱ्याला वाटच नाही का? आहे, आणि ती संदेशात कुठेच सांगितलेली नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 11 प्रमाणे, दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. ही परवानगी आणि शस्त्राचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली बंदूक घरात आहे म्हणून डुक्कर मारायला मोकळीक मिळत नाही, आणि मारण्याची परवानगी मिळाली म्हणून शेजाऱ्याची बंदूक हातात घेता येत नाही. जिवावर बेतले असता स्वसंरक्षणार्थ मारलेले जनावर गुन्ह्यात धरले जात नाही, तरी तेही सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे वाटे पाडून गावजेवण केले की बचावाची बाजू त्याच पातेल्यात शिजते.

अमेरिकेच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. टेक्ससमधली डुकरे मूळची तिथली नाहीत, ती युरोपीय वसाहतकारांनी आणलेल्या डुकरांची प्रजा आहे, आणि 2019 पासून तिथे जमीनमालकाच्या संमतीने ती मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आपले रानडुक्कर इथल्या जंगलाचे, वाघ-बिबट्याचे भक्ष्य आहे. शिवाय तिथे ‘पिकाचा उपद्रव’ म्हणून ज्या स्वस्त रायफली खपतात त्या मुख्यतः बिळे करणाऱ्या प्रेअरी डॉगसाठी, ग्राउंडहॉगसाठी आणि फार तर कोल्ह्याएवढ्या कायोटीसाठी असतात. 400 ते 600 डॉलरांत मिळणारी 0.223 ची किंवा 2002 साली बाजारात आलेल्या 0.17 एचएमआर या काडतुसाची रायफल त्या कामाला उत्तम आहे, पण तिच्या गोळ्या मुद्दाम पातळ आवरणाच्या केलेल्या असतात, म्हणजे लहान जनावरावर लागताच त्या फुटाव्यात आणि जमिनीवरून उसळून दूर जाऊ नयेत. तीच गोळी डुकराच्या खांद्यावर आत न शिरता वरवरच फुटते. आणि तिकडे नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना तिथल्या संघराज्य कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, वैध शिकार परवाना हा तिला असलेला एक ठळक अपवाद आहे. मित्राच्या शेतावर हौस म्हणून रायफल उचलण्यापूर्वी तो हाती असावा.

शेवटचा दावा रायफलीचा. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याचे समाधान झाल्यास निदान 20 इंच लांबीच्या, आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे पिळाच्या खाचा असतात, म्हणून ती त्या तरतुदीत बसत नाही, आणि हे शहाणपणाचे आहे. डुक्कर येते रात्री, मक्यात किंवा भातात, आणि दिसते ते 20-30 पावलांवर. तिथे बारा बोअरचे एसजी किंवा एलजी, म्हणजे जाड छऱ्यांचे, काडतूस पुरते. रायफलीची चुकलेली गोळी मात्र दोन वाड्या ओलांडून जाऊ शकते, आणि डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत.

स्वस्तातली बंदूक हवी असेल तर ती बहुधा आजोबांच्या नावावर घरातच असते. वारसांना तिच्यासाठी रीतसर परवाना मागता येतो. मात्र ती वापरण्यापूर्वी परवानाधारक दुकानातल्या जाणत्या कारागिराला दाखवावी. बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरली असता आत गंजाचे खड्डे दिसू नयेत, बिजागरीजवळ दस्ता धरून हलवल्यास नळी खुळखुळू नये. जुन्या विलायती बंदुकींचे घर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, पुष्कळदा अडीच इंचांच्या काडतुसाचे असते आणि आजची काडतुसे सहसा 70 मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंचांची असतात. ती आत बसतात, म्हणून चालतील असे वाटते, पण उडाल्यावर काडतुसाचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि नळीतला दाब वाढतो. नळीवर वळणावळणाची नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेली जुनी, बहुधा बंदुकीच्या जुन्या, काळ्या दारूच्या काळातली नळी आहे. तिच्यात आजचे काडतूस घालूच नये. ती बंदूक भिंतीवरच शोभते.