रिकाम्या घराची राखण

सुटीसाठी एखादे घर घ्यावे, हा विषय आमच्या घरी गेली दोन वर्षे चालू आहे. मी ठाण्यात राहतो, दादा पुण्यात आणि ताई-भाऊजी नाशिकला. आई वर्षातले चार-चार महिने तिघांकडे राहते. दिवाळीत किंवा मे महिन्यात सगळे एकत्र जमले, की कोणाच्या तरी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अकरा जणांच्या गाद्या घालाव्या लागतात. म्हणून तिघांनी मिळून रायगड जिल्ह्यातल्या कर्जत, खालापूर आणि सुधागड या पट्ट्यात बंगला किंवा बंगल्याचा प्लॉट घ्यावा असे ठरले, आणि आजवर आम्ही सात नियोजित वसाहती पाहिल्या. या फिरण्यातून माझे जे मत बनले ते येथे मांडतो, कारण ओळखीतली किमान चार कुटुंबे सध्या याच शोधात आहेत.

शोध सुरू झाला तेव्हा आम्ही घर पाहत होतो. व्हरांडा कसा आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो का, मुलांसाठी तरणतलाव आहे का, अशा गोष्टींवर आमच्या चर्चा रंगत. तिसऱ्या वसाहतीहून परतताना भाऊजींनी गाडीत एक साधा हिशेब मांडला. सगळ्या सुट्या आणि जोडून येणारे शनिवार-रविवार धरले, तरी आम्ही त्या घरात वर्षाकाठी फार तर चाळीस रात्री राहणार. म्हणजे उरलेल्या तीनशे पंचवीस रात्री घराला कुलूप असणार. राहायचे सुख तर गावात स्वतंत्र घर घेऊनही मिळाले असते. वसाहतीला जे जास्तीचे पैसे आपण मोजतो, ते या तीनशे पंचवीस रात्रींच्या राखणीसाठी मोजतो. तेव्हापासून वसाहत पाहायला गेलो की मी घराच्या आत सर्वांत शेवटी जातो.

कोकणात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. अशा हवेत जूनमध्ये बंद केलेले घर ऑक्टोबरात उघडले, तर गाद्यांना बुरशी, दारांच्या चौकटींना वाळवी आणि भिंतींना ओल हे ठरलेलेच असते. आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडणारा, पन्हळीतला पालापाचोळा काढणारा, वीज गेली तर इन्व्हर्टर पाहणारा माणूस वसाहतीत आहे का, आणि त्याचा पगार कोण देतो, हा प्रश्न विचारल्यावर सात ठिकाणी सात वेगळी उत्तरे मिळाली. एका ठिकाणी तर विक्री करणाऱ्या तरुणाने अतिशय नम्रपणे सांगितले, की ती सेवा ‘पुढच्या टप्प्यात’ येणार आहे. त्या वसाहतीत पहिल्या टप्प्यातले बंगले चार वर्षांपूर्वीच लोकांच्या ताब्यात गेलेले होते.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. पावसाळ्यात या पट्ट्यात धबधबे पाहून आलेल्या माणसाला येथे पाण्याची टंचाई असेल असे स्वप्नातही वाटत नाही. पण खालचा खडक काळा बेसाल्ट आहे. त्याच्या अंगात पाणी फारसे मुरत नाही. जे काही साठते ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. त्यामुळे दोन बोअर शेजारी-शेजारी घेतल्या, तरी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. नोव्हेंबरात तुडुंब भरलेली विहीर एप्रिलच्या अखेरीस तळ दाखवते. साठ बंगल्यांची वसाहत, प्रत्येकाच्या अंगणात हिरवळ, मध्यभागी तरणतलाव आणि या सगळ्यासाठी तीन बोअर, असा आराखडा आम्ही पाहिला आहे. फाटकावरच्या वयस्कर रखवालदाराला मी सहज विचारले, “मामा, उन्हाळ्यात पाण्याचं कसं होतं?” ते म्हणाले, “मंगळवारी अन् शुक्रवारी टँकर येतो की साहेब.” माहितीपत्रकात मात्र चोवीस तास पाणी असे छापलेले होते. ते खोटेही म्हणता येत नाही, कारण टँकर टाकीत रिकामा झाला की नळाला चोवीस तास पाणी येतेच. त्या टँकरचे पैसे मेंटेनन्समधून जातात, एवढेच काय ते लिहायचे राहून गेले होते.

या पट्ट्यातली वसाहत एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. साइट व्हिजिटची बोलावणी बहुधा ऑगस्ट ते जानेवारी याच काळात येतात, यात नवल नाही. मे महिन्यात पाणी कळते. जुलैमध्ये रस्ता, उतार आणि वीज कळते. डोंगराच्या कुशीत घर असणे ही जाहिरातीतली आवडती ओळ आहे, पण डोंगर कापून पायऱ्या-पायऱ्यांनी सपाट केलेले प्लॉट पाहिले की मला दरडीखाली गाडली गेलेली गावे, म्हणजे 2014 सालचे माळीण, 2021 सालचे तळिये आणि 19 जुलै 2023 ची इर्शाळवाडीची रात्र आठवते. इर्शाळवाडी तर खालापूर तालुक्यातलीच. त्या गावांची कारणे आणि अशा वसाहतींची परिस्थिती एकच आहे असे मी म्हणत नाही. पण कापलेल्या उताराला आधारभिंत आहे का, तिला पाणी निचरण्यासाठी भोके ठेवली आहेत का आणि वरून येणारा ओढा कुठे वळवला आहे, हे पाहायला अभियंता असावे लागत नाही. भर पावसात छत्री घेऊन अर्धा तास हिंडले तरी बरेच समजते.

आता मेंटेनन्सकडे वळतो. आम्हाला आवडलेल्या एका वसाहतीत महिन्याला चौरस फुटाला तीन रुपये, असा दर होता आणि तो बांधकामावर नव्हे, तर प्लॉटच्या क्षेत्रफळावर होता. तीन हजार चौरस फुटांच्या प्लॉटला महिन्याचे नऊ हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख आठ हजार रुपये. चाळीस रात्रींनी भागले तर रात्रीचे दोन हजार सातशे, तेही वीज, माळी आणि दुरुस्ती सोडून. दादा लगेच म्हणाला, “एवढ्यात चांगल्या रिसॉर्टला जाऊन येऊ.” त्याचे म्हणणे चुकीचे नाही. ज्याला फक्त राहायला जायचे आहे त्याने रिसॉर्टलाच जावे, आणि हे मी गंभीरपणे लिहितो आहे. आम्हाला मात्र आईचे लोणच्याच्या बरण्यांचे कपाट, मुलांच्या सायकली आणि बाबांची पुस्तके कायमची ठेवता येतील अशी एक जागा हवी आहे, आणि त्याची किंमत रात्रीच्या भाड्यात मोजता येत नाही. तरीही ही रक्कम दरवर्षी तिघे मिळून विनातक्रार भरणार आहोत का, हे आधी आपापसांत बोलून घेतले पाहिजे. आम्ही ते लेखी केले. ताईला सुरुवातीला ते जरा परकेपणाचे वाटले, नंतर पटले.

दर किती आहे, यापेक्षाही तो उद्या कोण ठरवणार हे महत्त्वाचे आहे. नियोजित वसाहतीत रस्ते, दिवे, पाणी, सांडपाणी आणि सुरक्षा हे सगळे खासगी असते. फाटकाच्या आत विकासकच ग्रामपंचायत आणि विकासकच नगरपालिका. तो सुस्थितीत असेपर्यंत ही व्यवस्था सुखाची वाटते. लवासाचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. वरसगाव धरणाच्या काठावर वसवलेल्या या शहराच्या कंपनीला 2008 मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे आपल्या हद्दीत बांधकामांना परवानगी देण्याचा दर्जाही मिळाला होता. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, वर्षभराने सशर्त परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2023 मध्ये एक पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली, पण तीही मार्गी लागली नाही. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅली या खासगी वसाहतीवर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्ती आणली, ती तर मूळ सहारा समूहाच्या वेगळ्याच देण्यांपोटी. आपला बंगला आपल्या नावावर असला, तरी त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता आणि रस्त्यावरचा दिवा दुसऱ्याच्या ताळेबंदावर अवलंबून असू शकतो, ही बाब मला या दोन नावांमुळे पहिल्यांदा नीट समजली. आम्ही पाहत होतो त्या वसाहती यांच्या तुलनेत चिमुकल्या आहेत, पण प्रश्न तोच आहे.

म्हणून हल्ली मी पहिला प्रश्न विचारतो तो संस्थेचा. रेरा, म्हणजे घर-प्लॉट खरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार बहुसंख्य सदनिका किंवा प्लॉट नोंदवले गेल्यापासून तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था उभी राहावी, यासाठी विकासकाने पावले उचलायची असतात आणि तोवर वाजवी दरात सेवा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याचीच असते. प्रत्यक्षात सुटीच्या घरांच्या वसाहतीत संस्था रेंगाळते, आणि दोष एकट्या विकासकाचा नसतो. मालक मुंबईत, पुण्यात, बंगळुरूत आणि दुबईत विखुरलेले. सभेला गणसंख्या भरत नाही. सचिव व्हायला कोणी तयार नसतो, कारण येथे कोणी राहतच नाही. शहरातल्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की रात्री नऊ वाजता दहा माणसे खाली जमतात. येथे पंप बंद पडला तर ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोणाला कळतही नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी किती घरांत दिवे लागतात, हे पाहण्यासाठी मी एकदा मुद्दाम रजा काढून बुधवारी संध्याकाळी एका वसाहतीत गेलो. अठ्ठेचाळीसपैकी तीन घरांत उजेड होता. त्यांपैकी एका घरातल्या निवृत्त काकांनी मला चहा दिला आणि दीड तास वसाहतीचा सगळा इतिहास सांगितला. माहितीपत्रकाची चाळीस गुळगुळीत पाने त्या दीड तासापुढे फिकी होती.

त्यांनीच भाड्याचा विषय काढला. अलीकडे अनेक मालक आपला बंगला दिवसाच्या भाड्याने देतात. गुंतवणुकीचा परतावा म्हणून विक्रेतेही ते सुचवतात. परिणामी ज्या चाळीस रात्री आपण शांततेसाठी तिथे जातो, नेमक्या त्याच रात्री शेजारच्या तीन बंगल्यांत पंधरा-पंधरा पाहुणे आणि पहाटेपर्यंत स्पीकर असतो. ज्या घरात मालक नाहीत, तिथे तक्रार कोणाकडे करायची? भाड्याने देऊ नये असे माझे म्हणणे नाही. रिकाम्या घरात माणसांची ये-जा असणे घरासाठी चांगलेच. पण त्याचे नियम करारनाम्यात किंवा संस्थेच्या उपविधींत लिहिलेले असावेत, तोंडी आश्वासनावर राहू नये.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. ती वकिलाकडूनच तपासून घ्यावीत. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे ‘फार्महाऊस प्लॉट’ या गोड नावाखाली नेमके काय विकले जात आहे, याची खात्री करावी: जमीन रीतसर बिनशेती झाली आहे का, मंजूर रेखांकन आहे का, आपल्या प्लॉटचा सातबारा स्वतंत्र होणार आहे की वीस जणांची नावे एकाच उताऱ्यावर चढणार आहेत. रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, बोजा आणि दावे पाहता येतात. जाहिरातीवरचा क्यूआर कोड त्यासाठीच आहे. आमच्या सातपैकी दोन ठिकाणी माहितीपत्रकातले क्लबहाऊस मंजूर नकाशात कुठेच सापडले नाही.

कागदांत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे शेजारचे गाव. वसाहतीत काम करणारे बहुतेक जण तिथलेच असतात, आणि आपल्या तीनशे पंचवीस रात्रींचे खरे राखणदारही तेच असतात. एका ठिकाणी वाडीची जुनी पायवाट कुंपणाने अडवली होती आणि बायका हंडे घेऊन पाऊण किलोमीटरचा वळसा घालत होत्या. प्लॉट सुरेख होता, दरही परवडणारा होता. ताई म्हणाली, “इथे नको.” त्यावर कोणी वाद घातला नाही.

सध्या आमचे मन पालीच्या बाजूच्या एका जुन्या, बावीस प्लॉटच्या वसाहतीवर बसले आहे. तिथे क्लबहाऊस नाही आणि तरणतलावही नाही, त्यामुळे मुले थोडी नाराज आहेत. पण संस्था नोंदलेली आहे, रस्ते आणि विहीर तिच्या नावावर आहेत, तीन वर्षांचे हिशेब आम्हाला मागताक्षणी वाचायला मिळाले, आणि सहा घरांत बारा महिने माणसे राहतात. ग्रामीण रुग्णालय गाडीने वीस मिनिटांवर आहे. आईचे गुडघे आणि रक्तदाब पाहता हे आम्हाला डोंगराच्या देखाव्याइतकेच मोलाचे वाटते. विकाऊ असलेला बंगला पंचवीस वर्षांचा आहे, छप्पर बदलावे लागेल आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करण्याविषयी बोलणी चालू आहेत.

सचिव म्हणतात, विहीर मे महिन्यातही आटत नाही. आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत. आईने जुन्या पोहऱ्याची दोरी शोधून काढली आहे आणि तिला हात-हातावर गाठी मारून ठेवल्या आहेत.