केबल नाही हो, केबल नाही!

४० केबल! आमच्या लॅबमधले ४० नवे कॉम्प्युटर नेटवर्कवरून सुरू होईनात, म्हणून शनिवारी लॅबच्या काकांनी टेबलांखाली रांगत एकेक केबल काढली, एकेक नवी लावली, आणि केबलमध्ये काडीचाही दोष नव्हता. मे महिन्यातलं नागपूर, त्यात पाचला एसी बंद. शर्ट पाठीला चिकटलेला. वरून फोनवर साहेबांचा एकच धोशा, "केबल पाहिली का? केबल पाहिली का?"

अहो, मशीनला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळून राहिला आहे, स्क्रीनवर दिसतो! केबल खराब असती तर तो मिळालाच नसता.

हिंगणा रोडवरचं आमचं कॉलेज. लॅबमध्ये ६० मशिनी, सोमवारी प्रॅक्टिकल, त्याआधी सगळ्यांवर नवी इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसकट सगळ्या सॉफ्टवेअरची तयार कॉपी, सर्व्हरवरून टाकायची. शुक्रवारी एजन्सीचा माणूस इमेजिंग सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपग्रेड करून गेला. गुरुवारपर्यंत नेटवर्क बूट, म्हणजे मशीनने डिस्कऐवजी सर्व्हरवरून सुरू होणं, एकदम बरोबर चालत होतं. शनिवारी २० जुन्या मशिनी उठल्या आणि ४० नव्या एकजात अडल्या. "एनबीपी फाईल डाउनलोडेड सक्सेसफुली", म्हणजे सुरू व्हायची फाईल सर्व्हरवरून उतरली, असं येतं, स्क्रीन काळी होते, मशीन परत बूट मेनूत.

एजन्सीला फोन लावला तर म्हणतो, "भाऊ, जुन्या चालून राहिल्या ना? मग सर्व्हर ओके आहे. तुमच्या नव्या मशिनींतच फॉल्ट आहे." ४० च्या ४० मशिनी एका रात्रीत बिघडतात काय बे?

रात्री दहाला मी मोबाईलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढला आणि थांबवत थांबवत वाचला. त्या सक्सेसफुलीच्या वरच फाईलचं नाव होतं, अनडायओन्ली डॉट केपीएक्सई. ही फाईल जुन्या बायोसवाल्या मशिनींची; बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर. नव्या मशिनींत बायोसच्या जागी यूईएफआय असतं, तिला डॉट ईएफआय फाईल लागते. दुसरी फाईल नवी मशीन उतरवून घेते, पण चालवत नाही. आपण कोणत्या प्रकारचे आहोत हे मशीन डीएचसीपीला, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसला, ऑप्शन ९३ मध्ये स्वतः सांगतं. ० म्हणजे जुनं बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. त्यावरून कोणाला कोणती फाईल द्यायची, हा नियम नव्या मशिनी आल्या तेव्हाच मी लिहून ठेवला होता. अपग्रेडने डीएचसीपीची कॉन्फिग फाईलच नव्याने लिहिली. माझा नियम गेला आणि साठही मशिनींना एकच फाईल जाऊ लागली. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

नियम परत टाकला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, पहिली नवी मशीन लगेच उठली. सगळं आटपायला साडेबारा वाजले. काका तोवर किल्ल्या घेऊन दाराशी बसून होते. वाडीची बस केव्हाच गेली होती, गाडीवर मीच सोडून आलो.

एजन्सीवाले भाऊ, अपग्रेड कराच ना, पण कोणती फाईल बदलणार ते आधी सांगा, जुनीची कॉपी ठेवा. मेन्टेनन्सचे पैसे घेता तुम्ही! आणि त्या काकांना एक फोन करा. सोमवारी ते गुडघा धरून जिना चढत होते.