नोटीस येईल म्हणून थांबू नका

बांधकामावर हरकत कशी घ्यायची यावरच्या तुमच्या लेखात शहराच्या विकास आराखड्यावरच्या हरकतींची ३० दिवसांची मुदत सांगितलीय. पण शेजारी स्वतःच्या जागेवर बांधकाम परवाना मागतो, तेव्हा आपल्याला नोटीस देऊन हरकत मागवायची अशी मुदत महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात नाहीच, हेही ठळक लिहा. तिथं ६० दिवस आहेत ते अर्जदारासाठी: तेवढ्यात निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असं धरतात. निर्णयाविरुद्धचं ४० दिवसांतलं अपीलही अर्जदारालाच.

साखर पेठेत आमची मोरी आणि शेजारची भिंत यांच्यात जेमतेम माणूस आडवा जाईल एवढा बोळ. शेजाऱ्यांनी फक्की मारली (पायाची आखणी करायला पांढऱ्या भुकटीच्या रेषा), पाया खणला, तरी आई म्हणायची, "कागद येईल की घरी." कागद कसला येतोय! स्लॅब पडल्यावर माहिती अधिकारात नकाशा काढला, तर बोळ त्यांच्याच हद्दीत दाखवलेला. फार जीव जळला बघा. म्हणून सांगते, फक्की दिसली की त्याच दिवशी सिटी सर्व्हेचा उतारा (जागेच्या मालकीची सरकारी नोंद) जोडून पालिकेत लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.