कचऱ्याच्या डोंगरात वीज किती?

‘पाथर्डीच्या कचरा डेपोवर वीज करा, जर्मनी करते मग आपण का नाही?’ आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न दर पावसाळ्यात, वास सुटला की उगवतो. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहणारे मामा तर थेट मलाच धरतात, ‘तुमच्याकडे कसं जमतं गं?’ मी हॅम्बुर्गला असते, त्यामुळे अख्ख्या जर्मनीचा कचरा माझ्या खात्यावर.

मामांनी पाठवलेला फोटो इथल्याच गेऑर्गस्वेर्डरच्या टेकडीचा होता. साधारण ४० मीटर उंचीचा हा जुना कचऱ्याचा ढीग १९७९ मध्ये बंद झाला आणि १९८३ मध्ये त्यातून डायॉक्सिन हे जहाल विष झिरपत असल्याचं उघड झालं. आता वर पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आहेत, आतला कचरा कुजून निघणारा वायू जवळच्या तांब्याच्या कारखान्याला जातो. दिसायला झकास. पण नवा कचरा पडायचा थांबला की आतला वायू वर्षागणिक आटतच जातो, आणि २००५ पासून जर्मनीत प्रक्रिया न केलेला घरचा कचरा पुरायलाच बंदी आहे. मामांना जी हुशारी वाटते, ती खरं तर जुन्या चुकीतून होईल तेवढी वसुली आहे.

आता हिशेब नाशिकचा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचं सूत्र वापरलं, तर एक टन उरल्यासुरल्या अन्नातून, हवाबंद आणि नीट रचलेल्या भरावात, सगळी वर्षं धरून जेमतेम ५० किलो मिथेन, म्हणजे जळणारा वायू, निघतो. इंजिनातून त्याची साधारण अडीचशे युनिट वीज. तोच कचरा पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या उघड्या ढिगात असेल, तर सूत्र ०.४ ने गुणायला सांगतं, म्हणजे उरली शंभर युनिट. त्यातला निम्मा वायू जरी नळ्यांत सापडला तरी हातात पन्नास.

खरी गोम कुजण्याच्या वेगात आहे. त्या सूत्रासोबत आयपीसीसीने दिलेल्या कुजण्याच्या वेगाच्या तक्त्यात उष्ण प्रदेशाचे दोन खण आहेत, वर्षाला १००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली. पहिल्यात अन्नाचा निम्मा भाग दोन वर्षांच्या आत संपतो, दुसऱ्यात आठेक वर्षं लागतात. नाशिक शहराचा पाऊस ७०० च्या आसपास, म्हणजे कोरडा खण. पण भाजीची देठं, सालं, शिळा भात यांत मुळातच पाणी असतं, आणि पाऊसही चार महिन्यांत एकदम कोसळतो. मग आकडा कुठला धरायचा? ज्याला प्रकल्प विकायचा आहे तो त्याला सोयीचा धरणार. ओल्या खणाने पहिल्या दोन-तीन वर्षांचं उत्पन्न फुगतं आणि नंतर इंजिन रिकामं पडतं. वीस वर्षांच्या कराराचं गणित इथेच फसतं.

मग वायू सोडून द्यायचा? मुळीच नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवतो, शिवाय ढीग पेटतात ते वेगळंच. जुन्या ढिगातला वायू खेचून जाळावा, वीज निघाली तर बोनस.

विजेची भिस्त ठेवायची ती ताज्या ओल्या कचऱ्यावर. बंद टाकीत तो काही आठवड्यांत वायू देतो आणि वायू पळून जात नाही. नाशिकला हे नवं नाही. विल्होळीजवळ जर्मन सहकार्यातून २०१७ मध्ये उभा राहिलेला प्रकल्प हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवण्यासाठीच आहे. उद्दिष्ट दिवसाला सुमारे ३,३०० युनिटचं. ग्रुपवर कुणाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. फोटो मात्र हॅम्बुर्गचा!

टाकीला प्लास्टिक चालत नाही. माझ्या इमारतीच्या ओल्या कचऱ्याच्या तपकिरी पेटीत प्लास्टिकची पिशवी सापडली की गाडीवाले पेटी न उचलता वर चिठ्ठी चिकटवून जातात, आणि मग जिन्यात शेजाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. घंटागाडी तर नाशिकने १९९० च्या दशकातच सुरू केली. ओल्याच्या कप्प्यात दुधाची पिशवी टाकणाऱ्याला गाडीवाल्याने ‘हे घ्या परत’ म्हणावं आणि नगरसेवकाने गाडीवाल्याची बाजू घ्यावी, एवढी धमक कुणी दाखवेल का?

आणि डेपोवर वीज करायचीच असेल, तर निविदेआधी ढिगात बोअर घेऊन काही महिने वायू उपसून मोजावा. मोजलेला आकडा आणि तक्त्यातला कुठला खण धरला, हे दोन्ही महापालिकेने वेबसाइटवर टाकावेत.