उन्हाळी वाइन महोत्सव : बडोदेकरांसाठी काही सूचना

मे महिन्यात बडोद्यात पारा 42 ला टेकतो. दुपारी दांडिया बाजारात चिटपाखरू नसतं आणि सुज्ञ माणूस आमरस ओरपून, पंखा पाचावर ठेवून आडवा होतो. तुम्ही तसलं काही करू नका. नाशिककडच्या कुठल्याशा वाइनरीच्या हिरवळीवर शनि-रवि वाइन आणि लाइव्ह म्युझिक आहे. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. लगेच काढून टाका.

इथे राहून भागणार नाही, हे उघड आहे. गुजरातेत राज्य जन्मलं तेव्हापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. परप्रांतातून आलेल्या पाहुण्याला तात्पुरतं परमिट मिळतं. तुम्ही पडलात घरचे, तेव्हा तुम्हाला हेल्थ परमिट. म्हणजे आधी चाळिशी गाठायची, मग तब्येतीसाठी दारू लागते असं रीतसर कागदावर आणायचं. त्यापेक्षा सापुताऱ्याचा घाट परवडला. जाऊन-येऊन सातशे किलोमीटर सहज होतील. गाडी चालवायला ॲसिडिटीवाला मेहुणा घ्या. तो पीत नाही आणि बोलतही कमी.

घरी काय सांगायचं, ही चिंता सोडा. त्या बाबतीत नाशिकसारखं सोयीचं गाव नाही. ‘त्र्यंबकेश्वराला जाऊन येतो’ म्हटलं की आई स्वतः उठून डब्यातले एकशे एक रुपये काढून देते आणि ‘माझ्याही नावाने अभिषेक करा रे’ म्हणते. पैसे जपून ठेवा, पार्किंगला लागतील.

तिथे पोचल्यावर ‘द्राक्षं कुठायत?’ असं विचारून अडाणीपणा दाखवू नका. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये आटोपते, एप्रिलात वेलींची खरड छाटणी होते, म्हणजे जुन्या काड्या छाटून टाकतात. मोठे महोत्सव म्हणूनच हिवाळ्यात भरतात. मे महिन्यात मळ्यात दिसते ती तारांवरची नवी फूट आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा माणूस. त्याला जरा बाजूला व्हायला सांगा, तो तुमच्या फोटोत येतोय.

आता वाइन. ग्लास दांडीला धरा, गोल फिरवा, नाक आत घाला, डोळे मिटा. घोट घेण्याची घाई नको. घोट ही त्यातली सर्वांत गौण गोष्ट आहे. शिराझ, म्हणजे एक लाल वाइन, 16 ते 18 अंशांना प्यावी असं जाणकार सांगतात. तुमची शिराझ प्लॅस्टिकच्या ग्लासात, हिरवळीवरच्या उन्हात, अर्ध्या तासात चहाच्या वाटेला लागलेली असेल. हरकत नाही. शेजारचा पुणेकर ‘लिची, पेरू आणि मागून किंचित ओली माती’ असं म्हणेल. मान डोलवा. ‘आणि रस्सा?’ असं मात्र विचारू नका. तो वास मागच्या मिसळीच्या स्टॉलवरून येतोय.

संगीताबद्दल तुम्हाला काय शिकवायचं! आपण बडोद्याचे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांनी इथे 1886 मध्ये गायनशाळा काढली. भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती 1916 च्या मार्चमध्ये, इथेच. फैयाज खाँ आपल्याच दरबारचे गवई. 1950 मध्ये गेले तेही याच गावात. एवढा वारसा पाठीशी असल्यावर आणखी कान वापरायची गरज उरत नाही. म्हणूनच म्युझिक कॉलेजात मैफल असली की नेमकी त्याच संध्याकाळी आपल्याकडे पाहुणे येतात. फुकट आहे ना, पुढच्या वेळी जाऊ. शिवाय तिथे खुर्चीवर गप्प बसावं लागतं, आणि विलंबित ख्याल चालू असताना सेल्फी काढला तर पुढच्या रांगेतले काका वळून बघतात.

हिरवळीवर असले काका नसतात. चार वाजता ‘चेक, चेक, वन टू’ सुरू होतं, ते साडेपाचपर्यंत चालतं. अनेकांना हाच पहिला कार्यक्रम वाटतो आणि ते टाळ्या वाजवतात; तुम्हीही वाजवा. मग गिटारवाला येतो. सूर कुठे लागतोय हे बघत बसू नका. बेस पोटात जाणवला की समजायचं, पैसे वसूल. मेहुणा कानात कापूस घालून गाडीत बसला असेल, त्याला मिसळ नेऊन द्या.

परतीची तयारी आदल्या रात्रीच करा. बाटली आणायची नाही. बिल असलं, चांगली पॅक केलेली असली, साहेबांसाठी भेट असली तरी नाही. परमिट नसेल तर हद्द ओलांडताच तो गुन्हा होतो, आणि तपासणीला उभ्या असलेल्या हवालदाराला वाइनमधलं तुरट ‘टॅनिन’ समजावून सांगता येत नाही. त्याऐवजी मनुका घ्या. द्राक्षाचाच माल, बंदी नाही, प्रसाद म्हणून वाटताही येतो.

राहता राहिला मनगटावरचा जांभळा पट्टा. तो ओढून निघत नाही, दाताने तुटत नाही आणि त्यावर वाइनरीचं नाव छापलेलं असतं. सापुताऱ्याला चहाला थांबाल तेव्हा नेलकटरने कुरतडून काढा. दोन दिवसांच्या उन्हाने त्याच्याखाली गोरी पट्टी उमटलेली दिसेल. तिच्यावर घड्याळ बांधा. आईने अभिषेकाची पावती मागितली तर म्हणा, मेहुण्याकडे आहे.