रुळांमागून जमीन गेली

दरवर्षी १६ एप्रिलला आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. कुणीतरी देशातल्या पहिल्या बोरीबंदर-ठाणे गाडीचं चित्र टाकतं. काका लिहितात, "इंग्रज नसते तर अजून बैलगाडीतच बसलो असतो." मग चुलतभाऊ लुटीचा हिशेब मांडतो. मी केनियात, नैरोबीत बसून वाचतो. अकरा वर्षं झाली इथे.

हे शहरच रेल्वेचं. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे निघालेल्या रुळांचा १८९९मध्ये इथल्या दलदलीत तळ पडला. रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर आणले होते. अडीच हजारांच्या आसपास दगावले. काकांना सांगावंसं वाटतं ते पुढचं. रेल्वेचा खर्च निघायचा तर गाडीत भरायला माल हवा. म्हणून गोरे शेतकरी बोलावले आणि पठारावरची उत्तम जमीन त्यांना दिली. १९१५च्या कायद्याने पट्टा किती वर्षांचा? ९९९! (तिथे हिंदी माणसालाही जमीन घेता येत नसे. तरी आपले लोक गोऱ्यांच्या खाली, आफ्रिकनांच्या वर अशा मधल्या पायरीवर होते, हे इथे कुणी विसरलेलं नाही.) इथले मूळचे किकुयू लोक आपल्याच रानात मजूर झाले. १९५२ला माउ माउचा, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र बंडाचा भडका उडाला, त्याच्या मुळाशी ही जमीन होती. औंधचे आप्पासाहेब पंत तेव्हा नैरोबीत भारताचे कमिशनर होते. आफ्रिकन पुढाऱ्यांशी असलेला त्यांचा घरोबा गोऱ्या सरकारला खुपायचा.

१२ डिसेंबर १९६३ला स्वातंत्र्य आलं. गोऱ्या मळेवाल्यांच्या पुढाऱ्याचं नाव असलेल्या डेलामेअर अव्हेन्यूचा, स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्याच्या नावाने, केन्याटा अव्हेन्यू व्हायला वेळ लागला नाही. जमीन मात्र विकत घ्यावी लागली. ब्रिटनचंच कर्ज काढून, गोऱ्या मळेवाल्यांकडून.

ऑफिसातला एक सहकारी नैरोबीजवळच्या लिमुरूचा आहे. चहाच्या मळ्यांमधून जाताना एकदा एका उताराकडे हात करून म्हणाला, "हे आजोबांचं होतं." मीही जोरात सांगितलं, आमच्याही रत्नागिरीकडच्या जमिनी कुळकायद्यात गेल्या म्हणून. "कुळांनी गिळल्या," असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. मी तेच ऐकत वाढलो.

"म्हणजे कुणाला मिळाल्या?" त्याने विचारलं.

"कसत होते त्यांना."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आणि तू हे रडत सांगतोयस?"

मुंबई राज्यात कुळं जमिनीची मालक झाली ती १ एप्रिल १९५७ला. पुढच्या वेळी रेल्वेचं चित्र आलं की काकांना आणि त्या चुलतभावालाही विचारणार आहे, पंधरा दिवस आधी ग्रुपवर एवढी शांतता का असते?