चेतन चौहान: शतकापलीकडचा हिशेब

भारताचे सलामीवीर चेतन चौहान यांचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: दोन हजार धावा केल्या, पण शतक नाही. 40 कसोटी, 2084 धावा, 16 अर्धशतकं, सर्वोच्च 97. आकडे खरेच आहेत. पण सलामीवीराला एवढ्याच फूटपट्टीने मोजणं मला आळशीपणाचं वाटतं.

मोठी खेळी जमत नव्हती म्हणावं, तर तेही नाही. जन्म बरेलीचा, घडले पुण्यात, वाडिया कॉलेज आणि प्रशिक्षक कमल भांडारकरांच्या हाताखाली. 1972-73 च्या रणजी मोसमात महाराष्ट्राकडून 873 धावा, लागोपाठ दोन सामन्यांत द्विशतकं. विदर्भाविरुद्ध मधू गुप्तेंबरोबर 405 ची सलामी!

कसोटीत काम वेगळं होतं. नवा चेंडू जुना करायचा, ऑफ स्टंपबाहेरचे सोडायचे, अंगावर आलेले झेलायचे. समोर गावसकर असताना एक टोक बंद ठेवणं हीच मोठी कामगिरी. दोघांच्या सलामीच्या धावा 3000 वर, त्यात 10 शतकी भागीदाऱ्या. इंग्लंडविरुद्ध ओव्हल, 1979: गावसकरांचे 221 सगळ्यांना पाठ आहेत, पण 438 च्या पाठलागात सलामी 213 ची होती आणि त्यात चौहान 80.

मेलबर्न, फेब्रुवारी 1981. गावसकरांना ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, ते चिडले आणि जाताना चौहानांनाही सोबत घेऊन निघाले. सीमारेषा ओलांडली असती तर सामना हातचा गेला असता. व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी फाटकापाशी आडवे आले, त्यांनी चौहानांना परत पाठवलं. चौहान 85 वर बाद झाले. पुढे 143 चं लक्ष्य असताना ऑस्ट्रेलिया 83 वर गारद!

गंमत बघा, 2008 च्या सिडनी प्रकरणात भारताचे व्यवस्थापक हेच चौहान. सायमंड्सला वांशिक शिवी दिल्याच्या आरोपावरून हरभजनवर तीन कसोटींची बंदी, खेळाडू संतापलेले, दौरा सोडून परत या अशी इथे ओरड. अपील झालं, दौरा चालू राहिला, पर्थला आपण 72 धावांनी जिंकलो. व्यवस्थापकाने डोकं थंड ठेवायचं असतं, हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल?

डीडीसीए, म्हणजे दिल्लीची क्रिकेट संघटना, हिच्याबद्दल मात्र मी एवढा उदार नाही. उपाध्यक्षपदासारखी पदं त्यांनी तिथे वर्षानुवर्षं सांभाळली, मधे अमरोहातून दोनदा खासदारही झाले. संघटनेचं खरं दुखणं प्रॉक्सी मतदान: सभासद घरी, त्यांची मतं दुसऱ्याच्या खिशात. ज्याच्याकडे प्रॉक्सीचा गठ्ठा, त्याची समिती. मग मैदानावरच्या माणसाला निवडून येण्यासाठी गठ्ठेवाल्यांची मर्जी राखावी लागते. 2015 मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावरची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी पार पाडायला दिल्ली उच्च न्यायालयाला न्या. मुकुल मुद्गल यांना नेमावं लागलं. प्रॉक्सी गेली तीही न्यायालयाने नेमलेल्या न्या. विक्रमजित सेन यांच्या देखरेखीखाली, 2018 च्या निवडणुकीआधी. हे काम आतल्या माणसांनी, चौहानांसकट, कितीतरी आधी करायला हवं होतं.